सव्वा इंच

नाही, तुम्हीच सांगा, आठवीत शाळा सोडलेल्या माणसाला कुणी कॉलेजात शिकवायला बोलावतं का? आणि तेही काय शिकवायला... तर शरीर! हसू नका हो, आधीच चार माणसांसमोर बोलायचं म्हटलं की माझ्या घशाला कोरड पडते... शरीर म्हणजे तसं नाही, आपण आपल्या शरीराकडे कसं बघावं, आरशाकडे कसं बघावं, ताटाकडे कसं बघावं, असलं. बोलवायला आलेल्या बाईंना मी म्हटलं, अहो बाई, मी शिंपी! मी माणसाच्या शरीराकडे बघतच नाही, मी टेपकडे बघतो! मान खाली, नजर आकड्यावर, आकडा दिसला की सांगायचा आणि बाजूला व्हायचं. तर त्या म्हणाल्या, "म्हणून तर तुम्हीच या." आता यावर काय बोलणार? मी टेप धरणारा माणूस, मला काय कळतंय!

पण तुम्हाला सांगतो, सुरुवात माझ्यापासून नाही झाली. सुरुवात झाली मावशीपासून. म्हणजे टेपपासून. म्हणजे... थांबा, नीट सांगतो.

दुकान मावशीचं. मावशीचं म्हणजे काकांचं, काका गेले आणि मावशी मशीनवर बसली, मी शाळा सोडली आणि टेप गळ्यात घातली, त्याला आता बारा वर्षं झाली. शाळा का सोडली ते विचारू नका... बरं, विचारा. धडा वाचायला उभं केलं की माझा आवाज जायचा. उभा राहायचो, पुस्तक उघडायचो, ओठ हलायचे, आणि आवाज नाही! गुरुजी म्हणायचे, "आम्हालाही ऐकू दे की रे, एकटाच काय वाचतोस?" दुकानात हा त्रास नाही. इथे दोन वाक्यांत भागतं. "हात वर करा." "हात खाली करा." संपलं!

आमची कामाची पद्धत अशी, की मी माप घेतो आणि आकडा सांगतो, मावशी मशीनवर बसल्या बसल्या वहीत लिहिते, आणि लिहिताना तोच आकडा परत म्हणते. चूक होऊ नये म्हणून. काकांनी घालून दिलेली पद्धत आहे, बारा वर्षांत कुणाची बाही कुणाला गेली नाही. फक्त मी आकडा सांगतो तो ओठातल्या ओठात, "तीस". आणि मावशीच्या कानात सदा मशीनची घरघर, तिला वाटतं सगळ्या जगाच्या कानात तीच घरघर आहे, म्हणून ती म्हणते, "कंबर तीऽऽस!" रस्त्यानं जाणारा माणूस थांबून स्वतःच्या कंबरेकडे बघतो!

तर झालं काय, कॉलेजच्या कोरसला कोट शिवायचे होते. बत्तीस पोरं-पोरी, दुधी रंगाचे, अंगाला नीट बसणारे, गुडघ्यापर्यंतचे कोट. मावशीनं कापड बघितलं आणि म्हणाली, "ही पोरं गाणार आहेत की ऑपरेशन करणार आहेत?" दोन आठवड्यांनी रविवारी स्पर्धा. गेल्या वर्षी याच पोरांची जाकिटं आम्हीच शिवली होती, त्यामुळे बत्तीसच्या बत्तीस जणांची मापं वहीत होती. ती वहीच नडली बघा! ती वही आणि नवी टेप.

नवी टेप मी घेतली. हौसेनं. जुनी टेप काकांची, तिचे पहिले बारा आकडे पुसून गेलेले, पितळी टोक कधीच पडलेलं, रंग म्हणाल तर चहाचा. माझं काही अडत नव्हतं, पुसलेले आकडे मला पाठ होते. पण म्हटलं कॉलेजची माणसं येणार, शिकलेली, जरा बरं दिसेल. पिवळीधमक टेप आणली, गळ्यात घातली, आरशात बघितलं, एकदम डॉक्टर झाल्यासारखं वाटलं. अशी हौस करू नये माणसानं.

सोमवारी दुपारी बत्तीस जण दारात रांग लावून उभे. पहिली मुलगी पुढे आली, मी टेप लावली, म्हटलं, "सव्वा एकतीस." मावशीनं वही उघडली, गेल्या वर्षीच्या आकड्यावर बोट ठेवलं, आणि दुकान, पायरी, रस्ता, समोरच्या केशकर्तनालयात खुर्चीत बसलेली गिऱ्हाइकं, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "कंबर सव्वा एकतीऽऽस! गेल्या वर्षी तीऽऽस! सव्वा इंच वाढलीस गं बाळा!"

आणि हे ती कौतुकानं म्हणाली हो! मावशीला वाढणारं सगळं आवडतं. रोपटं वाढलं की आवडतं, पोर वाढलं की आवडतं, मी वाढत नाही म्हणून ती बारा वर्षं माझ्यावर रागावलेली आहे. पण त्या मुलीचा चेहरा असा उतरला, असा उतरला, की मी माझ्या चपलांकडे बघायला लागलो.

दुसरी आली, अठ्ठावीसची एकोणतीस आणि वर एक रेघ. "वाढलीस गं!" तिसरा मुलगा आला, बत्तीसचा सव्वा तेहेतीस. "वाढलास रे!" सहाव्या-सातव्यापर्यंत सगळ्या रांगेला कळलं की आत काय चाललंय, आणि तुम्हाला सांगतो, बाकीची रांग पोट आत ओढून उभी! श्वास बंद! काही जण निळे पडायच्या बेतात! एकच प्राणी खूश. त्याला सगळे पहिलवान म्हणतात, सहा महिने व्यायामशाळेत जातोय, त्याची छाती चौतीसची साडेपस्तीस निघाली, झालं! बाहेर जाऊन रांगेतल्या प्रत्येकाला सांगून आला, "दीड इंच! नुसत्या जोरांवर!"

आणि सगळ्यांत शेवटी आली खर्ज. तिचं नाव वेगळं आहे, पण तिला सगळे खर्ज म्हणतात, कारण कोरसमध्ये सगळ्यांत खालचा सूर ती लावते. मुलगी असून! तिनं एकदा गंमत म्हणून दुकानात सूर लावला तर बटणांच्या डब्यातली बटणं खुळखुळली, मी स्वतः ऐकलंय. उंच, अंगानं भरलेली, आत आली की दुकान लहान वाटतं. मी टेप लावली. म्हटलं... नाही, म्हणवेना मला. पण पद्धत आहे ना! म्हटलं, "पावणेचव्वेचाळीस." आणि मावशी, "पावणेचव्वेचाळीऽऽस! गेल्या वर्षी बेचाळीऽऽस!"

खर्ज हसली. सगळ्यांत मोठ्यानं हसली. म्हणाली, "लिहा मावशी, ठळक लिहा, दोन ओळी लागल्या तरी चालतील!" माप देऊन बाहेर थांबलेली पोरंही हसली. पण टेप माझ्या हातात होती ना... माणूस खरं हसतो तेव्हा पोट हलतं, टेप हातात जाणवते. हिचं पोट हललं नाही. पण मी बोललो काय? काही नाही. मी टेप धरणारा माणूस, मला काय कळतंय!

गुरुवारी सकाळी दुकानाची पायरी थाडथाड वाजली. आरोग्याच्या बाई! म्हणजे कॉलेजात पोरांना खाणंपिणं, आरोग्य, असलं शिकवतात त्या बाई. उंचीला माझ्या खांद्याएवढ्या, पण आल्या त्या वादळासारख्या. "इथे माप घेणारा कोण आहे?" मावशीनं माझ्याकडे बोट केलं. एक क्षणही घेतला नाही! सख्खी मावशी!

"चार महिने!" बाई म्हणाल्या. "चार महिने मी या मुलांना शिकवतेय की आकड्यावरून स्वतःची किंमत करू नका. भूक लागली की जेवा, पोट भरलं की थांबा, ताटाशी भांडू नका, कुठलाही घास म्हणजे पाप नव्हे. चित्रं दाखवली, नाटुकली बसवली, आरशासमोर उभं राहून स्वतःशी दोन बरे शब्द बोलायला लावलं. आत्ता कुठे पोरं डबे उघडून एकत्र बसायला लागली होती. आणि तुम्ही एका दुपारीत सगळ्यावर बोळा फिरवलात! एक जण काकडीवर आहे. एक जण नुसत्या गरम पाण्यावर आहे. एक जण सकाळ-संध्याकाळ वजनकाट्यावर चढतो आणि उतरताना रडतो. कॅन्टीनवाला भाताचं पातेलं जसंच्या तसं परत नेतोय. आणि काल तालमीत कोरसनं तोंड उघडलं तर आवाज कसा आला माहीत आहे? डासांचा! बत्तीस डासांचा! नाही... एकतीस."

मी म्हटलं, "खर्ज?" का विचारलं माहीत नाही, तोंडातून निघून गेलं.

बाईंचा आवाज खाली आला. "ती सोमवारपासून तालमीला आलेली नाही. कोट नको म्हणाली. गाणारच नाही म्हणाली."

मी हातातली कात्री खाली ठेवली. म्हणजे मी काय केलं होतं? कात्रीनं कुणाला टोचलं होतं? टेप लावली, आकडा सांगितला. आकडा बत्तीस जणांना ऐकू गेला आणि एका मुलीचं गाणं बंद झालं!

बाई म्हणाल्या, "मला एक सांगा. बत्तीसच्या बत्तीस वाढले? एकही कमी झाला नाही? एकही होता तेवढाच राहिला नाही?"

मी म्हटलं, "टेप आहे हो बाई, टेप कशाला खोटं सांगेल? थांबा, दाखवतो." आमचं कापायचं टेबल आहे, काकांनी करून घेतलेलं, बरोबर अठ्ठेचाळीस इंच. बारा वर्षं त्याच्यावर कापड पसरतोय, झोपेत विचारलं तरी सांगेन, अठ्ठेचाळीस! लावली नवी टेप. बघितलं. परत बघितलं. आणि सवयीनं तोंडातून निघालं, "पन्नास."

मावशीनंही सवयीनं, मशीनवरून मान वर न करता, "टेबल पन्नाऽऽस! गेल्या वर्षी अठ्ठेचाळीऽऽस! दोन इंच वाढलं गं बाई!"

मशीनसुद्धा थांबलं.

बाई टेबलाकडे बघत म्हणाल्या, "यानं काय खाल्लं?"

मी धावत जाऊन खणातून काकांची टेप काढली, दोन्ही टेपा शेजारी शेजारी अंथरल्या... जुनी अडीच इंच लांब! सैल पडलेली! वीस वर्षं काकांनी ओढली, बारा वर्षं मी ओढली, रबरासारखी लांबत गेली आणि आम्हाला पत्ता नाही. पत्ता लागणार कसा? त्याच टेपनं माणूस मापायचा, त्याच टेपनं कापड मापायचं, कपडा बसायचा झक्क! इतकी वर्षं अख्खं गाव या टेपेवर बारीक होतं हो! तीसवर सव्वा इंच बारीक, चाळीसवर दीड इंचाहून जास्त, जेवढा माणूस मोठा तेवढी टेप दयाळू! आणि मी मूर्ख, चार लोकांत बरं दिसावं म्हणून ती खणात टाकली!

मला वाटलं आता बाई मला फाडून खाणार. तर त्यांचे डोळे चमकले. म्हणाल्या, "सोमवारी माझा तास आहे. येऊन हे सगळं सांगा." मी म्हटलं, तुम्ही सांगा, तुम्हाला बोलता येतं. "मी चार महिने सांगितलं. त्यांनी तुमच्या टेपचं ऐकलं." मी म्हटलं, मावशीला न्या, तिचा आवाज... "येणारच आहे मी," मावशी मध्येच म्हणाली, "आणि टेबलही नेणार आहे. टेबलाशिवाय कोण विश्वास ठेवेल?"

म्हणजे वरात बघा! पुढे मावशी, मागे टेबल उचललेली कोरसची चार पोरं, त्यांच्यामागे मी, दोन टेपा खिशात. आणि पोरं उपाशी! दहा पावलं चालायची, टेबल खाली ठेवायची, धापा टाकायची. पहिलवान म्हणाला, "मास्तर, टेबल वाढलंय हां, गेल्या वर्षी एवढं जड नव्हतं." पावणेदोन चौकांना पाऊण तास लागला!

हॉल म्हणजे... अहो, दोनशे पोरं! पायऱ्या-पायऱ्यांवर बसलेली, सगळी माझ्याकडे बघतायत, खाली मी एकटा. मी चिठ्ठीवर चार वाक्यं लिहून नेली होती, ती घामानं भिजून शाईचं तळं झालं. बाई म्हणाल्या, "हे आपले पाहुणे." मी तोंड उघडलं. ओठ हलले. आवाज नाही! आठवीतला वर्ग जसाच्या तसा! मागून कुणीतरी खुसखुसलं. काय करू? पळावं तर दाराजवळ शेवटच्या बाकावर मावशी बसलेली. मग म्हटलं, येतं तेच करावं. खिशातून काकांची टेप काढली, टेबलाला लावली, आणि ओठातल्या ओठात, "अठ्ठेचाळीस."

शेवटच्या बाकावरून, "टेबल अठ्ठेचाळीऽऽस!"

पिवळी टेप काढली. "पन्नास."

"टेबल पन्नाऽऽस!"

एक क्षण कुणाला काही कळेना. मग पहिल्या रांगेतली ती काकडीवरची मुलगी हळूच म्हणाली, "म्हणजे... आम्ही नाही वाढलो?" आणि काय सांगू! बाकं बडवली पोरांनी! मिठ्या मारल्या! कुणी म्हणतंय सव्वा इंच परत द्या, कुणी म्हणतंय टेबलाला डाएट लावा. अख्ख्या हॉलमध्ये एकच माणूस सुतकी चेहऱ्यानं उभा. पहिलवान. "मास्तर... म्हणजे माझी छाती?" मी म्हटलं, "टेबलाचीही वाढली रे." मटकन खाली बसला बिचारा.

मला वाटलं, सुटलो! टेपा गुंडाळायला घेतल्या. तेवढ्यात बाई. "शांत! आनंद कशाचा झालाय तुम्हाला? आकडा खोटा निघाला याचा? आणि खरा असता तर? तर उपाशी राहणं बरोबर होतं? सव्वा इंचासाठी?"

बाई, बाई, कशाला! चांगलं चाललं होतं की! आणि मागे दाराजवळून एक आवाज आला. खालचा, जाड, ओळखीचा.

"आणि माझं काय?"

खर्ज उभी होती. "मी जुन्या टेपनं बेचाळीस, नव्या टेपनं पावणेचव्वेचाळीस. कुठलीही टेप आणा, या हॉलमधला सगळ्यांत मोठा आकडा माझाच. हे सगळे चुकून जाड झाले होते. मी चुकून नाही. मला कुठली टेप देता?"

आणि हे तिनं बाईंना नाही विचारलं हो. मला विचारलं! दोनशे माना माझ्याकडे वळल्या. चिठ्ठीकडे बघितलं, शाईचं तळं. बाईंकडे बघितलं, त्याही माझ्याकडेच बघतायत. आणि मग काय झालं मला माहीत नाही, मी टेपकडे बघत बोलायला लागलो.

म्हटलं, मला बाईंसारखं बोलता येत नाही. मला एवढंच माहीत आहे, बारा वर्षं माप घेतोय, म्हातारे, पोरं, नवरदेव, पोलीस, वकील... कंबरेला टेप लागली की प्रत्येक माणूस पोट आत घेतो. प्रत्येक. काडीसारखा असला तरी घेतो. ज्याला पोटच नाही तोही घेतो, कुठून घेतो देव जाणे! आणि श्वास धरून ठेवतो. मी काही बोलत नाही. टेप धरून उभा राहतो. वाट बघतो. कधीतरी श्वास सोडावाच लागतो ना? सोडला, की मग मी आकडा बघतो. कारण धरलेल्या श्वासावर शिवलेला कोट घालून माणूस फक्त उभा राहू शकतो. बसता येत नाही, जेवता येत नाही, हसता येत नाही... गाता तर मुळीच येत नाही. गेल्या सोमवारी रांग मोठी होती, मावशी ओरडत होती, मी घाई केली. तुमच्या वेळी मी थांबलोच नाही. तुम्ही श्वास धरला होता आणि मी आकडा सांगून मोकळा झालो. तो मोठा की लहान ते सोडा, ते मापच चुकलंय. माझ्याकडून चुकलंय. परत घ्यावं लागेल. कापड जास्त लागेल, एवढंच. कापड आहे दुकानात. भरपूर आहे.

खर्ज म्हणाली, "तुम्हाला बोलायला काय जातंय मास्तर? तुम्ही एवढे सडपातळ!"

आता बघा, इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण एकदा आवाज फुटला की थांबतोय कुठे! म्हटलं, "सडपातळ? अहो, मी किती घामाघूम झालोय दिसतंय का? मला लहानपणापासून सगळे काडीपैलवान म्हणतात, म्हणून मी शर्टाच्या आत दोन बनियन घालतो, आणि त्यावर बिनबाह्यांचं स्वेटर. बाराही महिने. उन्हाळ्यातसुद्धा!" आणि तुम्हाला शपथेवर सांगतो, वरची दोन बटणं उघडून दाखवलं!

शेवटच्या बाकावरून आवाज, "अरे, माझं स्वेऽऽटर! दोन वर्षं शोधतेय मी! मेल्या, कपाटं उचकली माझी मी!"

हॉल फुटला हो! पोरं बाकांवर आडवी, बाई फळ्याला धरून उभ्या, आणि खर्ज... खर्ज हसली. खालून, पोटातून, खिडक्यांची तावदानं वाजतील अशी. हातात टेप नव्हती, तरी लांबून कळलं. ते हसू खरं होतं.

तास सुटला तो थेट कॅन्टीनमध्ये. लगेच सगळं झकास झालं असं नाही हां, काकडीवाली भाताभोवती पाच मिनिटं चमचा फिरवत बसली होती, बाई तिच्या शेजारी बसून स्वतःचं जेवत राहिल्या, तिच्या ताटाकडे एकदाही बघितलं नाही. मग तिनं एक घास घेतला. मग दुसरा. मी लांबून बघत होतो. बाईंना विचारलं, तुम्ही काही बोलला नाहीत? म्हणाल्या, "तुम्हीच नाही का सांगितलंत? वाट बघायची." मी? मी कधी सांगितलं? मी टेप धरणारा माणूस, मला काय कळतंय!

मापं परत घेतली. या वेळी बाईंनी मावशीला ताकीद दिली होती, आकडा मोठ्यानं म्हणायचा नाही आणि गेल्या वर्षीचं पान उघडायचं नाही. मावशीची पद्धत मोडली! तिनं तोंडात रुमाल धरला आणि माझ्या बोटांकडे बघून लिहायला लागली. पण नुसतं लिहवेना तिला, प्रत्येक आकड्याला "हंऽऽ" म्हणायची. पोरं घाबरून विचारायची, "हं म्हणजे काय मावशी? चांगलं हं की वाईट हं?" शेवटी बाईंनी हंवरही बंदी घातली. आणि मी एकेकाचा श्वास सुटायची वाट बघत उभा, बत्तीस जणांना पाच तास लागले! सगळ्यांत जास्त वेळ खर्जला लागला. श्वास धरून उभी, मी उभा, मावशी उभी. मी म्हटलं, "मला घाई नाही." तिनं डोळे मिटले आणि सोडला. बटणांचा डबा खुळखुळला, खोटं नाही सांगत!

रविवारी स्पर्धेत दुसरा नंबर आला. पहिला कुणाचा आला मला माहीत नाही, मी ऐकलाच नाही. बत्तीस दुधी कोट एका ओळीत उभे, सगळ्यांनी एकदम श्वास घेतला, आणि एकाही कोटाचं एकही बटण कुरकुरलं नाही! मग त्या सगळ्या आवाजांच्या खालून तिचा आवाज आला, जमिनीतून आल्यासारखा, आणि मावशी माझ्या कानात, म्हणजे अख्ख्या सभागृहात, म्हणाली, "रडतोस काय रेऽऽ?"

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण नाही! स्पर्धेनंतर आयोजकांनी सगळ्यांना जेवण ठेवलं होतं. आणि कोट काढून जेवावं हे बत्तीसांतल्या एकालाही सुचलं नाही! एकालाही! सोमवारी सकाळी बघतो तर दुकानाच्या पायरीवर कोटांचा ढीग. कुणाच्या बाहीला रस्सा, कुणाच्या कॉलरला चॉकलेट, काकडीवालीच्या कोटावर चक्क लोण्याचा बोटभर पट्टा, पहिलवानाच्या खिशात अर्धा केक! आणि शुक्रवारपर्यंत सगळे कोट स्वच्छ होऊन कॉलेजच्या कपाटात जायला हवेत, तसं ठरलंय. आरोग्याच्या बाई आल्या, ढीग बघितला, आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "बघा! कशी पोटभर जेवली पोरं! तुमचा तास कामी आला!" अहो बाई, दुधी रंग आहे हो! दुधी!

खर्ज मात्र तिचा कोट स्वतः घेऊन आली. छातीवर तळहाताएवढा डाग, तांबडा. म्हणाली, "मास्तर, हा तिसऱ्यांदा वाढून घेतलं तेव्हाचा." आणि हसत हसत निघून गेली.

तर तीन दिवस झाले, धुतोय. एकतीस कोट झाले, वाळले, इस्त्रीही झाली. हा बत्तिसावा. सकाळपासून घेऊन बसलोय. मावशी आतून सारखी ओरडतेय, "निघाला का रे डाऽऽग?" निघेल, मावशी, निघेल... तुम्हाला म्हणून सांगतो, कुणाला बोलू नका... साबण अजून लावलेलाच नाही.